रेस दिली की चार्जिंग येतं

गाडीची बॅटरी उतरली की माणसं आधी बॅटरी विकणाऱ्याला शिव्या देतात, मग गाडी बनवणाऱ्याला, आणि सगळं करून झालं की माझ्याकडे येतात. मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला, गुलटेकडीत, आमचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक शटर, एक बाक आणि शटरपुढचा जेवढा रस्ता कुणी बोलत नाही तोवर आपला, तेवढा. बाई वायरिंग करते याचं नवल यार्डातल्या टेम्पोवाल्यांना आता राहिलेलं नाही. नवीन गिऱ्हाईक मात्र अजूनही माझ्या खांद्यावरून आत डोकावतं आणि विचारतं, मिस्त्री नाहीत का? मी सांगते, आहेत, चहा पितायत. मग हातातला कप खाली ठेवते आणि त्याला बॉनेट उघडायला लावते.

हे काम मला यजमानांनी शिकवलं. लग्नानंतर ते जळालेल्या मोटरी घरी आणायचे आणि मी दुपारी बसून त्यांच्या तारा गुंडाळायची. पुढे त्यांचा हात कापायला लागला आणि पकड, टेस्ट लॅम्प, मीटर असं एकेक माझ्या हातात आलं. ते आता बाकावर बसून आवाजावरून रोग सांगतात. दहातले आठ बरोबर निघतात, त्यामुळे उरलेल्या दोनांबद्दल त्यांना कुणी काही बोलू शकत नाही.

ज्यांचा गाडीशी संबंध फक्त बसण्यापुरता आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. बॅटरी म्हणजे गच्चीवरची टाकी आणि अल्टरनेटर म्हणजे पंप. इंजिन चालू असेतो अल्टरनेटर वीज तयार करून बॅटरी भरत राहतो, याला आम्ही चार्जिंग म्हणतो. गाडी बंद असली की टाकीत असेल तेवढंच. म्हणून बॅटरी सारखी उतरत असेल तर कारणं तीन. टाकी फुटकी आहे, पंप चालत नाही किंवा कुठला तरी नळ ठिबकतो आहे. तिन्ही मीटर लावून कळतात. आणि तिन्ही ठीक निघाली तर चौथं कारण गाडीत नसतं, गाडीवाल्यात असतं.

हे चौथं कारण मी पुष्कळ पाहिलं आहे. एक कांद्याचा टेम्पोवाला नंबर लागेपर्यंत केबिनमध्ये पंखा लावून, तीन फोन चार्जिंगला जोडून झोपायचा आणि उठल्यावर बोगस बॅटरी दिली म्हणून भांडायला जायचा. एका बाईंच्या डिकीतला दिवा त्यांच्याच छत्रीच्या दांड्याने चालू राहत होता. अशी माणसं भेटत गेली की आपल्यालाही एक गुर्मी येते. मीटर खोटं बोलत नाही, माणूस बोलतो, असं मी दुकानात येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. आता ऐकवत नाही, ते कानडे काकांमुळे.

कानडे काका येरवड्याला राहतात. सत्तरी ओलांडलेले, उंच, शर्ट इन केलेले. एका दवाखान्याच्या औषध विभागात त्यांची अख्खी नोकरी झाली. पत्नी गेल्यापासून एकटेच असतात, मुलगी आयटीत आहे आणि बाणेरला राहते. त्यांची गाडी जुनी, छोटी, चंदेरी रंगाची, पण आतून इतकी स्वच्छ की बसायच्या आधी माणूस आपले पाय बघतो. ती ते अशी चालवतात की सिग्नलला उभी असतानाचा आणि चालतानाचा आवाज सारखाच. मागून येणारे हॉर्न वाजवून थकतात. काका म्हणतात, त्यांना घाई आहे, त्यात माझा काय दोष.

दोन वर्षांमागे, श्रावणात, ते अल्टरनेटर कुरकुरतो म्हणून आले. बेअरिंग गेलं होतं, ते बदललं. पण त्याच्या मागच्या बाजूला वायरी जिथे घुसतात तो प्लास्टिकचा कप्लर उष्णतेने वितळला होता. तो कापून टाकून नवा बसवायचा म्हणजे वायरी पुन्हा जोडायच्या. गाडीत कधीकाळी कुणीतरी चोराचा अलार्म बसवला होता आणि नंतर काढून नेला होता. काढणाऱ्यांची एक रीत असते, डबा घेऊन जातात आणि वायरी तशाच सोडतात. त्यामुळे माझ्या हातात कामाच्या वायरींबरोबर अलार्मची एक मेलेली वायरही आली. तेलाने आणि उष्णतेने सगळ्यांचे रंग एकच झालेले, मळकट तपकिरी.

अशा वेळी किल्ली फिरवून टेस्ट लॅम्प लावायचा, म्हणजे कुठली जिवंत आणि कुठली मेलेली ते कळतं. पण किल्ली काकांच्या खिशात होती. औषधांच्या कपाटाची किल्ली आयुष्यभर खिशात बाळगलेला माणूस गाडीची किल्ली मिस्त्र्याकडे ठेवत नाही. ते यार्डात कांदे बघायला गेले होते. फोन केला असता तर आले असते. मी फोन केला नाही. वायरींची जाडी बघितली, कुठून येतात ते चाचपलं, एक जोडली, एक दुमडून टेपने गुंडाळली. काका आले, आत बसून त्यांनी गाडी चालू केली, मी पुढे वाकून हाताने केबल ओढली आणि रेस दिली. मीटरवर चौदाच्या वर व्होल्ट आले. याचा अर्थ चार्जिंग उत्तम. बॉनेट लावलं आणि काका गेले.

सहाव्या दिवशी त्यांचा फोन आला की गाडी चालू होत नाही. दुसऱ्या बॅटरीचा करंट देऊन चालू केली आणि ते घेऊन आले. मी रेस दिली, मीटर चौदाच्या वर. बॅटरी तपासली, ठीक. गाडी बंद करून कुठे करंट झिरपतो का पाहिलं, नाही. म्हटलं, होतं एखाद्या वेळी. आठवड्याने पुन्हा तेच. मी विचारलं, गाडी चालताना समोर लाल बॅटरीचा दिवा लागतो का? ते म्हणाले, अजिबात नाही. मग चार्जिंग होतंय, मी म्हणाले. त्यांनी विश्वास ठेवला, कारण मीही तो ठेवला होता.

यानंतरचा दीड महिना मी चक्रावलेली होते असं म्हटलं तर कमीच होईल. काकांनी नवी बॅटरी घातली, ती नवव्या दिवशी उतरली. गाडी मी तीन दिवस दुकानासमोर ठेवून घेतली, रोज सकाळी काका रिक्षाने येऊन ती चालू करायचे, मी रेस द्यायची, मीटर लावायची, एक दिवसही गाडी कुरकुरली नाही. येरवड्याला गेली की आजारी. काका नोंद ठेवणारे. त्यांनी वहीत लिहून आणलं की ज्या आठवड्यात मांजरी गावाला बहिणीकडे जाणं होतं त्या आठवड्यात गाडी बरी असते. बहीण काय बॅटरी भरून देते का, असं मी हसत म्हटलं, पण घरी स्वयंपाक करताना डोक्यात मांजरीच होती. तिकडचं पाणी, रस्ता, ऊन, सावली, काय काय मनात आणलं. एकदा वाटलं पार्किंगमधल्या उंदरांनी कुठे वायर कुरतडली असेल, म्हणून येरवड्याला जाऊन गाडीखाली झोपून आले. उंदीर नव्हते. झोपेत मला ती गाडी दिसायची आणि तिच्यात वायरीच नसायच्या.

यजमान बाकावरून म्हणाले, सगळं ठीक आहे ना, मग म्हातारा दिवे चालू ठेवून जात असणार. मला ते पटलं. खरं सांगायचं तर पटल्यामुळे बरं वाटलं, कारण माझा गोंधळ संपत होता. मी काकांना तोंडावर म्हणाले की काका, तुम्ही हेडलाइट विसरता. ते म्हणाले, "मला आठवतं की मी बंद केले. पण विसरणाऱ्यालाही असंच आठवत असेल."

दोन दिवसांनी त्यांच्या मुलीचा, प्रज्ञाचा, फोन आला. तिला काळजी होती आणि ती सरळ बोलत होती. "काकू, तुम्ही फ्रँकली सांगा, गाडीत काही प्रॉब्लेम आहे की नाही? कारण नसेल तर मला बाबांचं ड्रायव्हिंग थांबवावं लागेल. नंतर गॅस चालू राहिला तर मी कुणाला विचारू?" मी तिला सांगितलं, गाडीत काही नाही. तीन शब्द. मला ते आजही ऐकू येतात, आणि माझ्याच आवाजात, त्या ठसक्यात.

दिवाळीनंतर काका स्वतः गाडी चालवत आले आणि पहिल्यांदाच किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाले, चांगला माणूस बघून विकून टाका. प्रज्ञाने त्यांना डॉक्टरकडे नेलं होतं. डॉक्टरांनी चित्रं काढायला लावली, उलटे आकडे म्हणायला लावले. काय निघालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी रिक्षा थांबवून दिली. रिक्षात बसताना त्यांनी तीनदा खिसा चाचपला आणि मग त्यांच्या लक्षात आलं असावं की किल्ली आता नसणारच.

गाडी महिनाभर दुकानासमोर उभी होती. मी रोज चालू करायची, रेस द्यायची. एकदाही बॅटरी उतरली नाही. जितके दिवस ती नीट चालू होत होती तितकी माझी खात्री पक्की होत होती आणि तितकं मला वाईट वाटत होतं. हुशार माणूस कसा वाहून जातो बघा, असं मी शेजारच्या टायरवाल्याला सांगितलंसुद्धा.

मग गजाननभाऊ आले. मूळचे अमरावतीकडचे, इथे कंपनीच्या लोकांना नेण्याआणण्याची गाडी चालवतात. बायकोला शिकायला छोटी गाडी हवी होती. माझ्यासारखे ते बॉनेटपाशी उभे राहिले नाहीत. आत बसले, किल्ली अर्धी फिरवली आणि इंजिन चालू न करता समोरचे दिवे बघत बसले. खोट काढल्याशिवाय भाव कमी होत नाही हे त्यांना माहीत होतं.

"ताई, याचा बॅटरीचा दिवाच लागून नाही राहिला," ते म्हणाले. "बल्ब गेला का?"

मी म्हटलं, बल्बचं काय घेऊन बसलात, बदलून देते. आणि बोलता बोलता त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. ऑइलचा दिवा लागला होता, हँडब्रेकचा लागला होता, बॅटरीचा नव्हता. इंजिन बंद असताना तो लागायलाच हवा. मी इतक्या महिन्यांत या गाडीत एकदाही किल्ली अर्धी फिरवून समोर पाहिलं नव्हतं. काका असताना आत काका आणि पुढे मी, त्यांच्यानंतर किल्ली घातली की एका दमात स्टार्टर आणि लगेच बॉनेटकडे. चालताना लागतो का, एवढंच मी विचारलं होतं. चालू करण्याआधी लागतो का, हे विचारलं नव्हतं.

हा दिवा नुसता धोका दाखवायला नसतो. किल्ली फिरवली की त्याच्यातून जाणारा थोडासा करंट अल्टरनेटरला जागं करतो. जागा झाला की तो आपला आपण वीज करायला लागतो आणि दिवा विझतो. त्या दिव्याची वायर मी मेलेली समजून टेपमध्ये गुंडाळली होती आणि अलार्मची मेलेली वायर मोठ्या काळजीने जोडली होती. त्यामुळे अल्टरनेटर झोपून राहायचा आणि तो झोपला आहे हे सांगणारा दिवाही मुका. पण जोरात रेस दिली तर त्याच्या लोखंडात उरलेल्या चुंबकाच्या जोरावर तो कसाबसा उठतो, आणि एकदा उठला की गाडी बंद करेपर्यंत काम करतो. आम्ही मिस्त्री लोक रेस दिल्याशिवाय गाडी तपासतच नाही. काका कधी रेस देतच नाहीत. मांजरीच्या रस्त्याला मागून ट्रक अंगावर यायचे म्हणून तेवढ्यापुरता पाय दाबला जायचा.

गजाननभाऊंना मी सांगितलं की गाडी आत्ता विकायची नाही. ते म्हणाले, दिव्यावरून एवढं काऊन मनावर घेता? यजमानांनी सगळं ऐकलं होतं. भाऊ गेल्यावर ते म्हणाले, वायर जोड, गाडी वीक, सांगायचं काय त्यात, म्हातारा तरी किती दिवस चालवणार होता. मी त्यांच्यावर चिडले. पण खरी गोष्ट अशी की त्यानंतर दोन दिवस मी येरवड्याला गेले नाही. पहिल्या दिवशी गिऱ्हाइकं होती. दुसऱ्या दिवशी नव्हती, तरी गेले नाही. दुकानाचं नाव जाईल, ती मुलगी काय म्हणेल, असलं सगळं डोक्यात फिरत होतं. तिसऱ्या दिवशी गाडी घेऊन निघाले. वायर मुद्दाम तशीच ठेवली होती.

रविवार होता, प्रज्ञाही आलेली होती. काकांनी दार उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला त्यांच्या सुरेख अक्षरात चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. गॅस. गीझर. नळ. किल्ली. गच्चीचं दार. मी बसलेही नाही. उभ्यानेच सांगितलं की काका, तुम्ही दिवे विसरत नव्हता, चूक माझी होती, वायर मी उलटी जोडली.

प्रज्ञा माझ्याकडे बघत राहिली. काका मात्र हसले, आजारी माणसाला भेटायला आलेल्याशी आपण हसतो तसे.

"ताई, तुमचं मन मोठं आहे," ते म्हणाले. "पण माझी समजूत घालायची गरज नाही. मी आता मान्य केलंय."

हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. शिव्या खायची तयारी करून गेले होते. माझ्यावर विश्वास ठेवून ज्या माणसाने स्वतःवर अविश्वास ठेवला, त्याला आता माझंच खरं वाटत नव्हतं. मला रडू आलं आणि रागही आला. मी म्हटलं, मन बिन राहू द्या, खाली चला.

पार्किंगमध्ये मी त्यांना आत बसवलं, मीटरच्या तारा बॅटरीला लावल्या आणि काच खाली करून मीटर त्यांच्या हातात दिलं. म्हटलं, नेहमीसारखी चालू करा, हेडलाइट लावा. मीटर बारावर, आणि हळूहळू खाली. म्हटलं, आता रेस द्या. काकांना ते जमेना. आयुष्यात कधी दिली नव्हती. प्रज्ञा म्हणाली, बाबा, दाबा ना जोरात. त्यांनी दाबली आणि आकडा एकदम चौदाच्या वर गेला. मग गाडी बंद करून मी टेप सोडली, वायर बदलून जोडली आणि किल्ली अर्धी फिरवायला सांगितली. समोर लाल दिवा लागला. गाडी हळूच चालू केली, दिवा विझला, आकडा चौदाच्या वर आणि तिथेच.

"पुन्हा करा," काका म्हणाले.

मी वायर काढून पुन्हा चुकीची जोडली. मग बरोबर. त्यांनी तिसऱ्यांदा करायला लावलं. तिसऱ्या वेळी ते मीटरकडे बघतही नव्हते, माझ्या हातांकडे बघत होते. प्रज्ञा भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "सॉरी बाबा." काकांनी तिच्याकडे पाहिलं नाही. काच वर केली, गाडी बंद केली आणि बाहेर आले.

"गाडीचं कळलं," ते मला म्हणाले. "माझं काय, ते मात्र आता मला कळत नाही. दोन-तीन महिने मी प्रत्येक गोष्ट दोनदा बघतोय. ते तुमच्यामुळे की खरंच, हे कसं शोधायचं?"

डॉक्टरांनी काही धरलेलं नाही, असं प्रज्ञा हळूच म्हणाली. वयाप्रमाणे ठीक आहे म्हणाले होते. हे तिने त्यांना आधी सांगितलं होतं का, कोण जाणे. मी हात जोडले. त्यांनी, नाही नाही, म्हणून माझे हात खाली केले आणि स्टॉपपर्यंत मी सोडतो, असं म्हणाले. प्रज्ञा गाडीपुढून बाजूला झाली.

बसस्टॉप जवळच होता. त्या चालीने आम्हाला तिथे पोचायला बराच वेळ लागला, मागून हॉर्न वाजत होते. रस्त्यावर झाडांची गर्द सावली होती म्हणून त्यांनी भर दुपारी दिवे लावले होते. ते त्यांनी बंद केले, गाडी बंद केली आणि मला बस येईपर्यंत सोबत म्हणून खाली उतरले. दार लावलं. पुढे जाऊन हेडलाइटकडे वाकून पाहिलं. माझ्यापाशी आले, दोन वाक्यं बोलले, आणि मध्येच थांबून परत गेले आणि वाकून पाहिलं.

"बंद आहेत, काका," मी म्हणाले. "मी पाहिलंय."

"हो," ते म्हणाले, आणि पुन्हा एकदा बघून आले.